नंबर दिसू द्या म्हंजे झालं

रात्रीच्या ट्रॅफिकचा फोटो म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं. उंचावरचा पूल, ट्रायपॉड, दहा-पंधरा सेकंदांचं एक्स्पोजर (म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्याचं शटर उघडं), एका बाजूने लाल रेघा चालल्यात, दुसऱ्या बाजूने पांढऱ्या येतायत. पुण्यात चांदणी चौकात २०२३ मध्ये नवीन पूल सुरू झाल्यापासून तिथल्या वळणांचे असे इतके फोटो बघितलेत की कुठल्या कठड्याला टेकून काढलाय तेही आता ओळखू येतं. फोटो देखणे असतात, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण जरा वेळ बघत बसलं की मला एक गोष्ट टोचायला लागते, त्यात गाडीच नसते. त्या पंधरा सेकंदात तिथून ट्रक गेलेला असतो, एसटी गेलेली असते, दुधाचा टेम्पो, रिक्षा, एका स्कूटरवर अख्खं कुटुंब, आणि सगळ्यांची मिळून एक लाल रेघ. कुणाची गाडी, कुठून आली, काय भरलंय, चालवतंय कोण, काही म्हणजे काही उरत नाही.

असं होतं कारण गाडीचा पत्रा अंधारात असतो आणि तो एका जागी थांबतही नाही, त्यामुळे कॅमेऱ्याला तो लागायच्या आत पुढे सरकलेला असतो. दिवे तेवढे इतके प्रखर असतात की क्षणभर दिसले तरी उमटतात. म्हणजे लांब एक्स्पोजर रस्त्यावरचं सगळ्यात झगझगीत तेवढं ठेवून घेतं आणि बाकीचं पुसून टाकतं. मला नेमकं ते बाकीचं हवं होतं. मी सांगलीची, घर रस्त्याला लागून, आम्ही भावंडं रात्री अंथरुणात पडल्या पडल्या आवाजावरून टाटा की लेलँड ते सांगायचो, आणि ट्रकच्या मागे काय लिहिलंय हे वाचायला मिळावं म्हणून सिग्नलला गाडी थांबली की मान बाहेर काढायचो. २०१५ मध्ये राज्य सरकारने ट्रकवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला बंदी घातली तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, अजूनही कुठे दिसलं की बरं वाटतं. तर असल्या माणसाला लाल रेघ पुरत नाही. आणि म्हणून मी फ्लॅशकडे वळले.

फ्लॅशबद्दल फोटोग्राफीतल्या लोकांचं मत फार चांगलं नाही. रात्री फ्लॅश मारला की रात्र गेली, असं सरसकट सांगतात. आणि ऑटोवर टाकून समोरून मारला तर जातेच. पुढची रिक्षा पांढरीफटक आणि मागे डांबर ओतल्यासारखा काळोख. त्याचं कारण उजेडाच्या स्वभावात आहे, अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. तीन मीटरवरच्या रिक्षाला जेवढा फ्लॅश मिळतो त्याच्या चौथा हिस्सा सहा मीटरवर, आणि बारा मीटरवर सोळावा. चौकाच्या पलीकडचं दुकान, सिग्नल, वडाचं झाड यांच्यापर्यंत फ्लॅश पोचतच नाही, आणि कॅमेऱ्याने शटर १/६० सेकंद वगैरेच उघडं ठेवलेलं असतं त्यामुळे तिथला स्वतःचा उजेडही आत येत नाही. दोष फ्लॅशचा नसतो, मागच्या रस्त्याला आपण वेळच दिलेला नसतो.

हे मला शिकवलं ते लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका काकांनी. सांगलीतच त्यांचा स्टुडिओ होता, बाजूला दांडीवर बसवलेला मोठा फ्लॅश आणि खांद्याला बॅटरीचा डबा अशा अवतारात त्यांनी उभी हयात वराती काढल्या. वरात म्हणजे रात्रीचं ट्रॅफिकच की. घोडा हलतोय, बँडवाले हलतायत, डोक्यावर दिवे घेतलेल्या बाया चालतायत, मागून जनरेटरची गाडी येतेय, आणि ह्या सगळ्यात नवरदेवाचा चेहरा नीट आला पाहिजे आणि दिव्यांची शोभाही गेली नाही पाहिजे. मला वाटतं फ्लॅशचं आपल्याकडचं सगळ्यात पक्कं ज्ञान ह्या लोकांकडे आहे आणि त्याची कुणी नोंद करत नाही.

मी त्यांना म्हटलं, काका, मला रस्त्यावरच्या गाड्या काढायच्यात, फ्लॅशची पॉवर किती ठेवू. ते म्हणाले, “अगं, आधी फ्लॅश बंद कर की. आधी नुसता रस्ता काढ. तुला रात्र जेवढी काळी पाहिजे तेवढी काळी आली का बघ. मग फ्लॅश चालू कर.” बास. एवढ्या एका वाक्यावर माझं निम्मं शिक्षण झालं. त्यात काय होतं ते सांगते. एकाच फ्रेममध्ये दोन एक्स्पोजर चालू असतात. रस्त्याचा उजेड सतत येत असतो, तो किती घ्यायचा ते शटर ठरवतं. फ्लॅशचा उजेड एका झटक्यात येऊन जातो, शटर १/१० ठेवा नाहीतर अर्धा सेकंद ठेवा, त्याला काही फरक पडत नाही, तो ठरतो फ्लॅशची पॉवर आणि अंतर यांच्यावर. ॲपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील) दोघांनाही लागू. म्हणजे आधी ॲपर्चर-आयएसओ ठरवून टाकायचं, मग शटरने रात्र लावायची, मग पॉवरने गाडी लावायची. हे तीन वेगळे नळ आहेत हे एकदा हाताला कळलं की मग चौकात उभं राहून घाम फुटत नाही.

काकांना गाइड नंबरचा हिशेब तोंडपाठ, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा ॲपर्चरच्या आकड्याने (एफ नंबरने) भागला की तो किती मीटरवर पुरेल ते कळतं. त्यांच्या पद्धतीने, चाळीसचा फ्लॅश असेल तर आयएसओ ४०० ला तो ऐंशीचा झाला, पॉवर १/१६ वर आणली की वीस, एफ ४ ला वीस भागिले चार, पाच मीटर. पाच मीटरवरून जाणारी गाडी बरोब्बर उजळणार. आजकाल टीटीएल असतं, फ्लॅश स्वतःच मोजतो, पण ट्रॅफिकमध्ये मी मॅन्युअलच ठेवते, कारण फ्रेममध्ये हेडलाइट आला नाहीतर नंबर प्लेट चमकली की टीटीएल गोंधळून पॉवर कमी करतं. फुटपाथवर उभं राहिलं की पहिल्या लेनचं अंतर काही बदलत नाही, मग मोजायचंय कशाला.

आता वेगाचं बघू. गावातल्या रस्त्यावर गाडी ताशी ३० किलोमीटरने चालली असेल तर सेकंदाला आठ मीटरपेक्षा थोडी जास्त सरकते. शटर १/१० ठेवलं तर तेवढ्यात गाडी ८०-८५ सेंटीमीटर पुढे गेली, म्हणजे नुसत्या रस्त्याच्या उजेडात ती पुसटच येणार. पण फ्लॅश १/१६ पॉवरला असला की त्याचा लखलखाट साधारण १/५००० सेकंद किंवा त्याहून कमी टिकतो आणि तेवढ्यात तीच गाडी दोनेक मिलिमीटरच सरकते. त्यामुळे एकाच फोटोत पुसट गाडी आणि तिच्यावर कोरल्यासारखी स्पष्ट गाडी, दोन्ही. टायरवरचा चिखल, दाराला लटकवलेलं लिंबू-मिरची, मागच्या फळीवरची कमळं. पॉवर जेवढी कमी तेवढा लखलखाट छोटा, हे बऱ्याच जणांना उलटं वाटतं, पण छोट्या फ्लॅशमध्ये उजेड कमी करायचा म्हणजे तो लवकर तोडायचा एवढंच असतं. म्हणून पूर्ण पॉवरवर मारण्यापेक्षा मी जवळ जाते आणि पॉवर खाली ठेवते.

आणि रिअर कर्टन. फ्लॅश नेहमी शटर उघडल्या उघडल्या उडतो. म्हणजे आधी गाडी गोठते आणि मग उरलेल्या वेळात तिचे दिवे पुढे पुढे जात राहतात, टेललाइटच्या लाल रेघा तिच्याच अंगावरून पुढे गेलेल्या दिसतात आणि गाडी रिव्हर्समध्ये चालल्यासारखी वाटते. रिअर कर्टनला फ्लॅश शटर बंद व्हायच्या अगदी आधी उडतो, त्यामुळे रेघा मागे राहतात आणि गाडी पुढे. पण त्यासाठी बटण आधी दाबावं लागतं, गाडी अजून जागेवर आलेली नसताना. अर्धा सेकंद ठेवला असेल तर अर्धा सेकंद आधी. मग आपोआप गाड्यांचा स्वभाव बघायची सवय लागते, रिक्षा सिग्नल सुटायच्या आधीच सरकायला लागते, भरलेला ट्रक जागचा हलायला वेळ घेतो पण एकदा हलला की सरळ जातो, एसटी वळणावर बाहेरून घेते. हे वाचून शिकता येत नाही, तिथे उभं राहावंच लागतं.

रंगाचं मला सगळ्यात नवल वाटतं. जुने सोडियमचे पिवळे दिवे आठवतात ना, त्यांच्या उजेडात रंगच पुरते नसायचे, लाल एसटी त्यांच्याखाली मळकट तपकिरी दिसायची, निळी गाडी काळी. शिकायला सुरुवात केली तेव्हा आमच्या भागात अजून तेच दिवे होते. फ्लॅशचा उजेड दिवसाच्या उन्हासारखा, त्याच्यात सगळे रंग असतात, त्यामुळे फ्लॅश पडला की एकदम एसटीचा लाल रंग परत यायचा आणि आजूबाजूचा रस्ता केशरीच राहायचा. नाट्यगृहात दिव्यांना लावतात तसा नारिंगी जिलेटिन पेपर फ्लॅशवर चिकटवला आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने कुठला उजेड पांढरा धरायचा ती सेटिंग) त्याच्या जवळपास नेला की गाडी आणि रस्ता एकमेकांच्या जवळ येतात. आता बहुतेक ठिकाणी पांढरे एलईडी आलेत. मुंबईत मरीन ड्राइव्हला २०१५ मध्ये पिवळे दिवे काढून पांढरे लावले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, क्वीन्स नेकलेसची रयाच गेली म्हणून, आणि पुढे तिथे पुन्हा पिवळसर उजेड आणावा लागला. नुसतं जुन्याचं प्रेम म्हणून मी त्याकडे बघत नाही. रस्त्याच्या उजेडाचा रंग हा त्या शहराच्या रात्रीचा चेहरा असतो, आणि रात्री गाड्या काढणाऱ्याला तो रोज बघावा लागतो. एलईडीखाली मी आता पेपर काढून टाकते, फ्लॅश आणि दिवे बऱ्यापैकी जुळतात, पण मग गाडी उठून दिसायला पॉवर थोडी वाढवावी लागते. कधी कधी मुद्दाम नारिंगी पेपर ठेवूनच देते, रस्ता निळसर पडतो आणि गाडीवर कंदिलाच्या जवळचा उजेड येतो. ते मला आवडतं.

ह्या प्रकारात ज्याचं काम बघून मी थक्क झाले तो माणूस गाड्यांचा नाही, रेल्वेचा. ओ. विन्स्टन लिंक, न्यूयॉर्कचा कमर्शियल फोटोग्राफर. १९५५ ते १९६० या काळात अमेरिकेत नॉरफोक अँड वेस्टर्न ह्या रेल्वेवरची वाफेची इंजिनं संपत चालली होती, डिझेल येत होतं, तेव्हा त्याने ती रात्री काढली. आजच्यासारखे फ्लॅश नव्हते, प्रत्येक फोटोला फुटून जाणारे बल्ब, ते वायरींनी जोडून रुळाच्या कडेने, घरांच्या मागे, झाडात लावून ठेवायचे आणि धावती गाडी आली की एका झटक्यात सगळे उडवायचे. एकदा उडाले की दुसरी संधी नाही. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका ड्राइव्ह-इन थिएटरचा त्याचा १९५६ चा फोटो आहे, पुढे उघड्या टपाच्या मोटारीत बसलेलं जोडपं, पडद्यावर विमान, आणि मागून धूर सोडत चाललेली मालगाडी. त्यातलं पडद्यावरचं विमान त्याने नंतर प्रिंटमध्ये घातलंय, कारण त्याच्या बल्बांच्या उजेडापुढे पडद्यावरचं चित्र धुऊन निघालं होतं. मला ही गोष्ट फार कामाची वाटते. आपल्या फ्लॅशने रस्त्यावर आधीपासून असलेला कुठला उजेड मरणार आहे, हे फ्लॅश मारायच्या आधी बघायचं.

आता एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते. येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यात फ्लॅश मारायचा नाही. कधीच नाही, फोटो कितीही चांगला येणार असला तरी नाही. अंधाराला सरावलेल्या डोळ्यावर लखलखाट पडला की पुढचे काही सेकंद नीट दिसत नाही, आणि ताशी ६० ने चाललेली गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. समोरून कुणी अप्पर मारत आलं की आपल्याला काय होतं ते रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीय. म्हणून चालत्या गाडीवर मी फ्लॅश फक्त मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून मारते, ड्रायव्हर पुढे निघून गेल्यावर, आणि उंची कमी, कमरेच्या खाली, म्हणजे आरशातूनही डोळ्यात जायला नको. समोरून काढायचं असेल तर गाडी उभी पाहिजे आणि ड्रायव्हरला विचारलेलं पाहिजे. एक्स्प्रेस वेवर तर माणसाने पायी उभं राहायचंच नसतं, तिथले फोटो मी काढत नाही, विषय संपला. घाटात वळणावर नाही. अंगात रेडियमच्या पट्ट्यांचं जॅकेट, दोघांच्याही. दोघं म्हणजे मी आणि माझा धाकटा भाऊ, फ्लॅश धरायचं काम त्याचं.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून भावाच्या हातात गेला तो एका ट्रॅक्टरवाल्यामुळे.

आमच्याकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरला गळीत हंगाम सुरू झाला की रात्री रस्त्यावर उसाचंच राज्य असतं. सांगली-आष्टा रस्त्यावर एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यावर उसाच्या मोळ्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या, वर वाड्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे, मागे टेललाइट असेलच असं नाही. मोटारसायकलवाल्यांना पुढे ट्रॉली आहे हे अगदी जवळ गेल्यावर कळतं, आणि दर हंगामात कुणाच्या ना कुणाच्या घरी त्याचं दुःख येतं. हंगामाच्या सुरुवातीला कारखाने, पोलीस, आरटीओ ट्रॉल्यांना रेडियम लावायची मोहीम घेतात. मी अशा ट्रॉल्या काढायला लागले ते दिसायला भारी दिसतात म्हणून, खोटं कशाला सांगू, रात्रीच्या रस्त्यावर चालतं शेतच असतं ते. पण काढता काढता रेडियम काय काम करतं ते मला कळलं.

कारखान्याच्या बाहेर नंबर लागायची वाट बघत ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, इंजिनं बंद, ड्रायव्हर खाली उतरून गप्पा मारत किंवा ट्रॉलीच्या सावलीला आडवे झालेले. तिथे मी एकाला विचारलं, दादा, ट्रॅक्टरचा फोटो काढू का? तो म्हणाला, “काढा की ओ ताई, नंबर दिसू द्या म्हंजे झालं.” नवीन ट्रॅक्टर होता त्याचा, एमएच १०, पुढे हार घातलेला, आणि त्याला तो नंबर फोटोत पाहिजे होता, साहजिकच आहे. मी समोरून कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने काढला तर सगळं आलं, हार आला, बॉनेटवरचं नाव आलं, आणि नंबर प्लेटच्या जागी एक पांढरा चौकोन. पॉवर कमी केली तरी तेच, फक्त बाकीचा ट्रॅक्टर काळा पडला.

रेडियमच्या पट्टीत, आत्ताच्या नंबर प्लेटच्या पत्र्यात काचेचे बारीक मणी नाहीतर प्रिझम असतात. साध्या पांढऱ्या भिंतीवर उजेड पडला की तो सगळीकडे पसरतो. ह्या पट्टीवर पडलेला उजेड मात्र जिथून आला तिकडेच, थोड्याशा कोनात, परत जातो. गाडीचे हेडलाइट आणि ड्रायव्हरचे डोळे जवळजवळ असतात म्हणून त्याला पट्टी लखलखीत दिसते आणि रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला तीच पट्टी साधी राखाडी. फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवला की माझी लेन्स म्हणजे ड्रायव्हरचा डोळा झाली, सगळा उजेड सरळ माझ्याकडे परत. मग भावाला फ्लॅश देऊन म्हटलं, तिकडे डावीकडे जा, अजून, अजून. तो दोन-तीन मीटर बाजूला गेला आणि नंबर एकदम शांत झाला, काळी अक्षरं स्वच्छ वाचता आली. ट्रॅक्टरवाल्याने स्क्रीनवर बोट ठेवून एकेक आकडा वाचला, मग रांगेतल्या सगळ्यांनी आपापले ट्रॅक्टर काढून घेतले, आणि भाऊ म्हणाला ताई, आता जेवायला मिळेल का.

त्यानंतर मी मुद्दाम दोन्ही प्रकारे काढायला लागले, एकदा फ्लॅश लेन्सजवळ, एकदा बाजूला. पहिल्या फोटोत रेडियम लावलेली ट्रॉली कशी पेटून उठते, आणि शेजारची बिनरेडियमची ट्रॉली, तोच ऊस, तेवढंच अंतर, कशी नाहीच. चिखलाने माखलेली पट्टी तर असून नसल्यासारखी, एक ओलं फडकं मारलं की परत जिवंत. ट्रकचा ड्रायव्हर उंच बसतो, त्याचे डोळे हेडलाइटपासून लांब, म्हणून त्याला हीच पट्टी मोटारवाल्यापेक्षा फिकी दिसते, तेही कॅमेरा वर धरून बघता येतं. मी हे फोटो रांगेतल्या ड्रायव्हरांना मोबाइलवर दाखवते. भाषण देत नाही, नुसते शेजारी शेजारी दोन फोटो. बघून काही जण उठून पट्टी पुसतात.

बैलगाड्या असतात त्याच रांगेत, बीडकडून आलेल्या ऊसतोड कुटुंबांच्या. बैलाच्या डोळ्यात मागच्या बाजूला चमकणारा पडदा असतो, रात्री समोरून उजेड पडला की दोन हिरवट दिवे लागल्यासारखे दिसतात. पण बैल फ्लॅशला बुजतो आणि गाडीवर एक-दीड टन ऊस असतो, म्हणून तिथे मी फ्लॅश बंद ठेवते, गाडीवान म्हणाला तरी. दुसऱ्या ट्रॅक्टरच्या हेडलाइटचा उजेड येतो तेवढ्यात काढते.

काळी गाडी ही वेगळीच परीक्षा. मुंबईत गेले की सीएसएमटीसमोर काळी-पिवळी टॅक्सी काढायचा मला नाद आहे. ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या टॅक्सीतून प्रीमियर पद्मिनी अधिकृतपणे गेली, शेवटची टॅक्सी २००३ मध्ये ताडदेव आरटीओला नोंदली होती आणि टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत, त्या आधीच्या महिन्यात बेस्टच्या जुन्या डबलडेकर गेल्या होत्या. आता टॅक्स्या नव्या मॉडेलच्या, पण रंग तोच, वर पिवळा, खाली काळा. पिवळ्यावर फ्लॅश टाकला की तो लगेच उजळतो. काळ्यावर कितीही टाका, तो काळाच. वरचं चकचकीत पॉलिश आरशाचं काम करतं, त्यात फक्त समोर काय आहे त्याचं प्रतिबिंब दिसतं, बाकी काही नाही. छोट्या फ्लॅशचं प्रतिबिंब म्हणजे एक टोचणारा पांढरा ठिपका. मग करायचं काय, तर काळ्या पत्र्याला बघायला काहीतरी मोठं आणि उजळ द्यायचं. मी टॅक्सीवर फ्लॅश मारतच नाही, शेजारी पांढऱ्या रंगाचा टेम्पो उभा असला नाहीतर फिकट दगडाची भिंत असली तर तिच्यावर मारते, ती भिंत टॅक्सीच्या दारात लांब पट्ट्यासारखी उमटते आणि दाराचा बाक, हँडलची खोबण, बाजूला पडलेला पोचा, सगळं त्या पट्ट्यात दिसतं. काळ्या गाडीचा आकार असा उसन्या उजेडात दिसतो. काचेवरची झळाळी पोलरायझरने (लेन्सवर लावायच्या झळाळी कापणाऱ्या फिल्टरने) बरीच कमी होते, क्रोमवरची होत नाही, आणि पोलरायझर लावला की दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप गेला म्हणजे उजेड निम्मा), रात्री तो परवडेल का ते आपलं आपण बघायचं.

पावसाचं थोडक्यात. ओला रस्ता आरसा होतो, दिवे खाली लांब ओघळतात, सगळं आयतंच मिळतं. कॅमेऱ्यावरून फ्लॅश मारला तर लेन्ससमोरचे जवळचे थेंब मोठाले पांढरे गोळे होऊन येतात. फ्लॅश गाडीच्या पलीकडे, मागून द्यायचा, मग पाऊस चमकतो आणि गाडीला कड येते. फ्लॅशला प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाला रबर बँड.

सध्या मी जे काढतेय ते पुण्यात, गुलटेकडीच्या मार्केट यार्डाच्या आसपास. रात्री भाजीचे ट्रक येऊन लागतात, खाली व्हायची वाट बघत ड्रायव्हर केबिनमध्ये बसलेला असतो, डॅशबोर्डवर गणपती किंवा विठोबा, त्याच्याभोवती रंगीत एलईडीची माळ, बाजूला पाण्याची बाटली, वर बॅनियन वाळत घातलेलं. ट्रक उभा आणि बाजूच्या रस्त्यावरून बाकीचं ट्रॅफिक चाललेलं. एक छोटा फ्लॅश परवानगी घेऊन केबिनमध्ये ठेवते, टपाकडे तोंड करून, त्यावर बटर पेपर, पॉवर १/६४. ड्रायव्हरला म्हणते केबिनचा दिवा बंद करा, आणि शटर ठेवते दोन-तीन सेकंद. केबिनमध्ये फ्लॅशच्या आधी आणि नंतर अंधार असतो त्यामुळे त्याने मान वळवली, चहाचा घोट घेतला तरी चेहरा हलत नाही, तो एका क्षणाचाच उमटतो. आणि बाहेर तेवढ्या वेळात लाल-पांढऱ्या रेघा निघून जातात, ज्यांच्यातला एक हा माणूस तासाभरापूर्वी होता.

त्यातल्या एका नारायणगावहून टोमॅटो घेऊन आलेल्या मामांना फोटो आवडला, पण म्हणाले, “मी आलो, गाडी कुठंय?” बरोबर होतं त्यांचं, केबिनचा फोटो काढताना ट्रकचा दर्शनी भाग काळा राहिला होता. तो उजळायला बाहेरून दुसरा फ्लॅश पाहिजे, बाजूने, नंबर जळणार नाही एवढ्या कोनात, आणि त्याचा उजेड काचेवर चढून आतला चेहरा झाकणार नाही असा. खाली नंबर, वर ड्रायव्हर, मध्ये काच. बाहेरचा फ्लॅश बंपरच्या उंचीवर ठेवून पुठ्ठ्याने त्याची वरची बाजू आडवली तर जमेल असं वाटतंय. भाऊ आता नोकरीला हैदराबादला असतो, त्यामुळे लांबून, वायरीशिवाय फ्लॅश उडवणारे रेडिओ ट्रिगर घेतलेत आणि फ्लॅश भाजीच्या क्रेटवर ठेवते. मामा आठवड्याला येतात, पुढच्या खेपेला ट्रक भिंतीकडे तोंड करून लावतो म्हणालेत.